दिनांकावरचं टिंब

कुणाचं अक्षर समोर आलं की मला राहवत नाही. वाणसामानाची यादी असो, एसटीच्या सीटमागं कुणी कोरलेलं नाव असो, मी मान वाकडी करून बघणारच. मजकुराशी मला देणंघेणं नसतं. रेघ कुठं दाबलीय, वेलांटी कुठवर गेलीय, ओळ वर चढते की खाली घसरते, हे मला बघायचं असतं. या खोडीपायी मी एकदा घरच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघाले होते. ती गोष्ट मी अजून घराबाहेर कुणाला नीट सांगितलेली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वीस-बावीस वर्षं पोरांची अक्षरं बघतेय, पण त्यावर ‘अक्षर सुधार’ एवढा एकच शेरा मारत आले. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाइलवर हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखायचा कोर्स दिसला. आमच्या गेवराईत मे महिन्यात दुपारी बाराला कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. घरात बसून करायचं काय, म्हणून नाव घातलं. आठ दिवसांत मला त्याचं वेडच लागलं.

अडचण एकच होती. शिकवणारे सर सगळी उदाहरणं इंग्रजीतून द्यायचे. टी या अक्षराची आडवी रेघ उंच असली की माणूस मोठी स्वप्नं बघणारा. आता आमच्या त ला मधून आडवी रेघ आणायची कुठून? सरांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, तत्त्व समजून घ्या.” तत्त्व समजून घेऊन मीच मग मराठीचं कोष्टक तयार केलं. शिरोरेषा म्हणजे चारचौघांत मान राखायची हौस. वेलांटी म्हणजे कल्पनाशक्ती. उकार म्हणजे पोटातली ओढ. अनुस्वाराचं टिंब म्हणजे बारीकसारीक गोष्टींकडं लक्ष. हे सगळं मी एका शंभर पानी वहीत लिहून काढलं आणि ती वही पर्समध्ये घालून हिंडायला लागले.

शाळा उघडल्यावर पहिले सापडले आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या सहीतला उकार इतका खोल जायचा की खालच्या ओळीतला शिक्का त्यात अडकायचा. मी सांगितलं, “सर, तुम्ही एकदा बसलात की उठत नाही.” सगळा स्टाफ हसला आणि सर खुर्चीत बसूनच रागावले. मग काय, मधल्या सुट्टीत माझ्यापुढं रजेचे अर्ज, सातवीच्या पोरींच्या वह्या, कुणाच्या नवऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी असं काय काय यायला लागलं. थोडं अक्षरावरून आणि बरंचसं माणूस माहीत असल्यामुळं माझं बरोबर यायचं. ही दुसरी गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही कबूल केली नव्हती.

एकानं मात्र मला गप्प केलं होतं. बसस्टँडजवळ एक फळवाले चाचा बसतात, ते पुठ्ठ्यावर फळांचे भाव उर्दूत लिहितात. मी त्यांनाही सांगायला गेले की अक्षर डावीकडं झुकलेलं असलं तर माणूस मागच्या गोष्टीत अडकलेला असतो. ते मोसंबी पुसत म्हणाले, “हमारी तो लिखावटच डावी तरफ जाती, बाई. तो क्या सब के सब हम पीछेच अटके हुए हैं क्या?” मी हसले, मोसंबी घेतली आणि घरी आले. कोष्टकात उर्दूसाठी एक पान कोरं सोडलं, बस. त्या प्रश्नापाशी जरा थांबायला पाहिजे होतं.

माझ्याबरोबर माझी पुतणी राहायची. धाकट्या भावाची मुलगी. भावाचं घर गावाबाहेर, त्याची शेती आणि दोन म्हशी. पोरगी आठवीपासून शाळा-कॉलेजसाठी माझ्याकडं होती. मी लग्न केलं नाही, तेव्हा तिचं डोकं विंचरण्यापासून परीक्षेला सोडायला जाण्यापर्यंत सगळं मीच केलं. तिचं शिक्षण संपलं आणि स्थळं यायला लागली तेव्हा भावानं सांगून टाकलं, “आक्का, तू हो म्हणशील तिथंच दिऊ.” हे ऐकून मला बरं वाटलं, आणि का कुणास ठाऊक, भीतीही वाटली.

एक स्थळ सगळ्यांना पसंत पडलं. मुलगा गेवराईच्याच जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कामाला. डॉक्टरच्या हाताखाली इंजेक्शनं देणं, जखमा बांधणं, घरोघर जाऊन जनावरं बघणं, हे त्याचं काम. घर आमच्यासारखंच, पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांचं. बघण्याचा कार्यक्रम भावाकडं झाला. पुतणीनं पोहे दिले, दोघं थोडं बोलले. पण मुलगा मधून मधून माझ्याकडं बघत होता आणि मी बघितलं की मान खाली घालत होता. पोरीला बघायला आलाय आणि आत्याकडं कशाला बघतोय? मी ते मनात टिपून ठेवलं.

त्याचा बायोडेटा छापील होता. मी भावाला म्हटलं, “टाइप केलेल्या कागदावरून माणूस कळत नाही. हातानं लिहिलेलं काहीतरी पाहिजे.”

“आक्का, जावयाला आता शुद्धलेखन लिवाया बसवती का काय?” भाऊ म्हणाला.

पण सांगून लिहून घेतलेलं अक्षर सावध असतं, असं सरांनी शिकवलं होतं. नकळत लिहिलेलं पाहिजे. आणि माझ्या नशिबानं, किंवा त्या मुलाच्या कमनशिबानं, त्याच आठवड्यात भावाच्या म्हशीला दगडी झाली. कास दगडासारखी घट्ट, दुधात गाठी, म्हैस हात लावू देईना. भाऊ टेम्पोत म्हैस घालून दवाखान्यात निघाला, तशी मीही शाळेतून अर्धी रजा काढून गेले. म्हशीच्या आजारात मी एवढा रस आजवर कधी घेतला नव्हता, हे भावाच्या लक्षात आलं.

मुलानं आम्हाला बघितलं आणि गडबडला. “बसा, बाई,” एवढंच म्हणाला. आमच्याकडं शाळेतल्या बाईंना सगळेच बाई म्हणतात, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. त्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्याशी काहीतरी पुटपुटला आणि मग खाली बसून कास बघितली. लाथाळ म्हैस गप्प उभी राहिली. मी ते बघितलं, पण माझं लक्ष टेबलावरच्या पॅडकडं होतं. त्यानं चिठ्ठी लिहिली, भावाच्या हातात दिली आणि मी ती भावाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

‘दिवसातून तीन वेळा सगळे दूध काढणे. कास कोमट पाण्याने धुणे. रेडकाला पाजू नये.’ अक्षर मुंगीएवढं. कागदाला समास नावालाही नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला. कोष्टकाप्रमाणं माणूस मनानं आखडलेला. पण खरी गोष्ट वरच्या ओळीत होती. दिनांक या शब्दात टिंब एकच, ना च्या डोक्यावर. या मुलानं दि वरही एक ठेवलं होतं. दिंनांक. आधी वाटलं पेन टेकलं असेल. पण तीन दिवसांनी औषध बदलून दिलं त्या चिठ्ठीवरही तेच. ठळक, नीट दाबून दिलेलं टिंब.

मी वही उघडली. जिथं गरज नाही तिथं टिंब देणारा माणूस नसलेली गोष्ट बघतो, म्हणजे संशयी. हे मीच लिहिलं होतं. कोर्सच्या सरांना चिठ्ठीचा फोटो पाठवला, त्यांनी ‘बरोबर’ म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. झालं. मी भावाला सांगितलं की मुलगा चांगला दिसतो, पण आतून बंद आहे आणि संशयी आहे. पोरीला घराबाहेर पडू देणार नाही.

“एवढं कळतं त्याच्यात?” भावानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. “मला तर म्हशीचं औषिदच दिसतंय.”

तरी त्यानं माझं ऐकलं. मध्यस्थाला सांगून टाकलं की आमचं सध्या जमत नाही.

त्या संध्याकाळी पुतणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आत्या, एका टिंबावरून?”

“टिंबातच माणूस सापडतो,” मी म्हटलं. मला त्या वाक्याचा तेव्हा अभिमानही वाटला.

“मग माझं अक्षर तर तू लहानपणापासून बघतीस. मला तो मुलगा लई आवडला होता, ते कुठल्या वेलांटीत दिसलं न्हाई का तुला?”

ती आत गेली. पुढचे कितीतरी दिवस घरात ‘चहा ठेवलाय’ आणि ‘गॅस संपत आलाय’ यापलीकडं बोलणं झालं नाही. मला वाईट वाटत होतं, पण चुकलंय असं वाटत नव्हतं. उलट पोरगी अजून काही दिवस घरात राहणार याचं एक चोरटं सुख होतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

कोर्सचा शेवटचा अभ्यास राहिला होता. स्वतःचं वीस वर्षांपूर्वीचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी ठेवून फरक लिहायचा. जुनं अक्षर शोधायला मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात माझ्या पहिल्या नोकरीची टाचण वही होती, म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायची वही. ती नोकरी उमापूरच्या पलीकडं मेंढपाळांच्या वस्तीवरच्या शाळेत होती. एक खोली, चार वर्ग आणि शिकवायला मी एकटी. वही उघडली आणि मला हसूच फुटलं. माझं तेव्हाचं अक्षर मुंगीएवढं होतं आणि समास म्हणून जागाच सोडलेली नव्हती. कारणही आठवलं. वह्या महाग पडायच्या म्हणून आम्ही कागद पुरवून पुरवून वापरायचो आणि पोरांनाही तसंच शिकवायचो.

वहीत पोरांनी लिहिलेले निबंध घडी घालून ठेवलेले होते. ‘माझा आवडता प्राणी’. सगळ्यांनी मेंढी लिहिली होती, एकानंच कुत्रा. मी सवयीनं अक्षरं बघायला लागले आणि पहिल्याच कागदावर थबकले. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, दिंनांक. दि वर टिंब.

दुसरा कागद उघडला. दिंनांक. तिसरा, चौथा, पाचवा. कुत्रावाल्याचाही तोच दिंनांक. सगळ्या वस्तीची पोरं काय संशयी होती? मी फरशीवर कागद मांडून बसले आणि मला काही केल्या कळेना. एकानं चूक केली तर समजतं. एकमेकांचं बघून दोघातिघांनी केली तरी समजतं. पण पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांनी?

मग मला तो खिळा आठवला.

वस्तीवरच्या शाळेत फळा म्हणजे भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन. रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मुळाक्षरांचा तक्ता टांगायला मी दगडानं एक खिळा ठोकला होता, फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. तक्ता काही महिन्यांत फाटला, खिळा राहिला. त्याच्याच खाली मी रोज दिनांक आणि वार लिहायचे. खडूची धूळ बसून बसून खिळ्याचं डोकं पांढरं झालं होतं. खाली दि, वर पांढरा ठिपका. आणि मी छडी घेऊन फळ्यासमोर उभी राहून म्हणायचे, “फळ्यावर आहे तस्संच उतरवा. काना-मात्रा इकडची तिकडं झालेली चालणार नाही!” पोरांनी माझं अक्षरशः ऐकलं होतं. खिळा उतरवला होता.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की प्रत्येक कागदावर माझ्या लाल पेनाची बरोबरची खूण होती. चार वर्ग एकदम सांभाळताना मी वाचत कशाला होते, खुणा करत सुटले होते.

मी कागदांवरची नावं बघायला लागले. वस्तीवर प्रत्येकाला टोपणनाव असायचं, हजेरीवरच्या नावानं कुणी हाकच मारायचं नाही, म्हणून मला ही नावं अनोळखी वाटत होती. एका कागदापाशी हात थांबला. बायोडेटावरचंच नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. निबंध चारच ओळींचा. शेवटची ओळ अशी होती: ‘मेंढीला ताप आला की मी तिच्याजवळ निजतो.’ खाली मी ‘शाब्बास’ लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक दवाखान्यात गेले. तो एका म्हातारीच्या शेळीच्या पायाला पट्टी बांधत होता. मला बघून उठला, हात धुतले.

“तू पहिलीला कुठल्या शाळेत होतास?” मी नमस्कारही न करता विचारलं.

तो हसला. “तुमच्याच की, बाई. वस्तीवर. चौथीपतोर.”

“मग बघायला आलास तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुमी पारखाया बसलता. मधीच वळख काढली असती तर पारख कसली? आन तुमी वळखलं न्हाई, म्हणून मीबी गप बसलो.” मग तो म्हणाला, “चिठ्ठी नेली तवा वाटलं, आता अक्षरावरून तरी वळखतेल.”

मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि दि वरच्या टिंबावर बोट ठेवलं. “हे इथं का देतोस?”

“तुमीच शिकवलंय. उमापूरच्या मोठ्या शाळेत गेलो तवा गुरुजी रोज खोडायचे. मार खाल्ला, बाई, त्या टिंबापायी. शंभर शंभर बार बिगरटिंबाचं लिवून घ्यायचे. बाकीच्या पोरांनी सोडलं. मी न्हाई सोडलं.”

“का पण?”

“बाईंनी आठवड्याला सहा दिस फळ्यावर तसंच लिवलेलं. बाईंचं चुकंल कसं, म्हणलं. पुढं कळलं चूक हाय, पर हाताला तेच बसलं.”

मी बाकावर बसले. खिळ्याचं सांगितलं. तो आधी खूप हसला, शेळीवाली म्हातारीही हसली. मग तो गंभीर झाला आणि पायानं फरशीवरचा कापूस बाजूला सारत म्हणाला, “नकार आला तवा मी लई इचार केला, बाई. लोकं म्हणले, बाई अक्षरावरून माणूस वळखतेत. म्हणलं, बाईंनी वाचून न्हाई म्हणलंय म्हंजे आपल्यात कायतरी असंलच. तेच हुडकायलो रोज, काय असंल म्हणून.”

हे ऐकल्यावर मला तिथं बसवेना. रागावला असता तर मी सोसलं असतं. भांडला असता तर बाईपणाच्या जोरावर दोन शब्द सुनावलेही असते. पण हा माणूस माझं वाचन खरं धरून महिनाभर स्वतःत खोट शोधत बसला होता. ज्या टिंबात मला संशय दिसला होता, ते त्यानं मार खाऊन माझ्यावरच्या विश्वासापायी राखलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“काही नाही तुझ्यात,” मी म्हटलं. “मला वाचता आलं नाही. माझं चुकलं.”

“मुंगीसारखं अक्षर तरी का काढतोस?” जाता जाता मी विचारलंच. सवय जात नाही.

“कागद पुरवून वापरा, असं तुमीच...” तो म्हणाला, आणि मी हात जोडून निघाले.

तशीच भावाकडं गेले. ओसरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. खिळा, छडी, लाल खुणा, आणि पोरगी घरातून जाऊ नये असं मला आतून वाटत होतं तेही. भावानं म्हशीकडं बघितलं. ती बरी झाली होती आणि कडबा खात होती.

“म्हंजे आक्का,” तो म्हणाला, “तू तुझंच अक्षर वाचून त्या पोराला नापास केलं म्हण की.”

“हो.”

“मग आता पास कर. आन पोरीला तूच सांग, मी न्हाई सांगणार.”

पुतणीला सांगितलं तेव्हा तिनं आधी ते निबंध मागून घेतले आणि चार ओळींचा तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “आत्या, ती तुझी वही जरा दे.” कोष्टकातलं टिंबाचं पान तिनं फाडलं, घडी घातली आणि त्या निबंधाबरोबर आपल्या पुस्तकात ठेवून दिलं. त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो.

मध्यस्थाला पुन्हा पाठवायला भावाला जरा जड गेलं, पण ते लोक मोठ्या मनाचे निघाले. याद्यांचा दिवस ठरला. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि लग्न कुठं, कधी, मानाचे कपडे कुणी कुणाला घ्यायचे, हे एका कागदावर हातानं लिहून खाली सह्या करतात. त्यालाच यादी म्हणतात. ती लिहायची म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, अक्षर चांगलं म्हणून.

मांडीवर पाट घेतला, कागद ठेवला. वर श्री लिहिलं. त्याखाली दिनांक लिहिला, आणि पेन उचलून दि वर एक टिंब दिलं. नीट दाबून दिलं.

भाऊ शेजारून वाकून बघत होता. “आक्का,” तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, “बाई असून चुकलीस की!”

नवरदेवानं याद्यांच्या बैठकीत तोंड उघडायचं नसतं. तो समोर मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली.

“चुकलं न्हाई, मामा,” तो म्हणाला. “आमच्या शाळेत तसंच लिवतेत.”